मुलांचं हॉस्पिटल आणि आईवडिलांची जागा: पालक गटाच्या बैठकीत काय मागावं?

चारुता_प

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ज्या मुलांच्या हॉस्पिटलात दाखवते तिथे आता पालक सल्लागार गट सुरू होतोय आणि त्यात माझं नाव आहे. तिला जन्मापासून किडनीचा त्रास, त्यामुळे ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा बाक, सगळं आमच्या चांगलंच ओळखीचं. पहिल्या बैठकीला प्रशासनातले लोक, डॉक्टर, नर्सेस सगळे असतील आणि आम्हाला आधीच विचारून ठेवलंय, की पेशंट आणि कुटुंब केंद्रस्थानी ठेवून काम करायचं तर आम्ही नेमकं काय बदलावं.

माझं मत आधीच सांगते. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवले आणि कोपऱ्यात खेळणी ठेवली की हॉस्पिटल मुलांचं झालं असं मानायची पद्धत आहे. रंग असावेत, माझ्या लेकीला आवडतात. पण उपचाराचं ठरत असताना आईबाप तिथे नाहीत, त्यांना समजेल असं कोणी बोलत नाही, आणि ज्याचं दुखतंय त्या मुलाशी तर कोणीच बोलत नाही, तर मग त्या जिराफाचा काय उपयोग?

तर प्रश्न असा: तुम्हाला एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल? डॉक्टर, नर्सेस कोणी असाल तर तुम्हीही लिहा, विरोधी मत असेल तर नक्कीच लिहा. मला तिथे नुसती गाऱ्हाणी घेऊन जायचं नाहीये.

केदार_वा

राउंड! डोळे झाकून राउंड. सकाळी सहा-सात डॉक्टरांचा घोळका येतो, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून आपापसात बोलतो, आपण कान देऊन ऐकायचा प्रयत्न करतो, दोन शब्द कळतात त्यातला एक भलताच लागतो, आणि घोळका पुढच्या पलंगाकडे. मग दिवसभर सिस्टरना विचारत बसायचं की काय ठरलं, आणि त्या बिचाऱ्या म्हणणार डॉक्टर आले की विचारा. आईबापांना राउंडमध्ये उभं करा, "रात्री कसं गेलं" हे आधी त्यांना विचारा, शेवटी काय ठरलं ते साध्या भाषेत सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

स्नेहल२२

केदार +१००

दत्ता_मा

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. डॉक्टरांना त्यांचं काम करू द्यावं. राउंडमध्ये ते आपसात वाद घालतात, शंका काढतात, हे आजार असेल का ते असेल का, शिकाऊ डॉक्टर चुकीची उत्तरं देतात. हे सगळं आईबापांसमोर झालं तर त्यांची झोप उडेल. आणि प्रत्येक पलंगापाशी प्रश्नोत्तरं सुरू झाली तर शेवटच्या पलंगावरच्या मुलाला दुपारपर्यंत कोणी बघणार नाही. विमानात बसल्यावर आपण कॉकपिटमध्ये जाऊन उभे राहतो का?

मृणाल_बालरोग

दत्ताजी, तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि मी स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे, त्या आमच्याकडेही अगदी ह्याच शब्दांत निघतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्तर अमेरिकेतल्या ७ हॉस्पिटलांच्या मुलांच्या वॉर्डांमध्ये ह्यावर अभ्यास झाला, २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी राउंडची पद्धतच बदलली. पालकांना आधी बोलू द्यायचं, नर्सने राउंडमध्ये हजर राहून बोलायचं, अवघड शब्द टाळायचे, शेवटी पालकांनी काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि एक छोटा लेखी सारांश. एकूण चुकांचा आकडा तसाच राहिला हेही सांगते, पण मुलाला इजा करणाऱ्या चुका ३८ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि राउंडचा वेळ वाढला नाही. वेळ जातो असं वाटतं कारण तो राउंडमध्ये दिसतो, पण एरवी तोच वेळ दिवसभर फोन, "जरा डॉक्टरांना बोलवा", गैरसमज ह्यांत जातच असतो, तो कुणी मोजत नाही.

शंका-कुशंका समोर बोलाव्यात का? माझा अनुभव असा की "आम्हाला अजून नक्की माहीत नाही, दोन शक्यता आहेत, आजच्या तपासणीने एक गळेल" असं सरळ सांगितलं की पालक जास्त शांत असतात. कुजबुज ऐकून ते मनात जे रचतात ते बहुतेकदा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. ज्यांना राउंडमध्ये थांबायचं नाही त्यांना सक्ती अजिबात नाही, त्यांना नंतर बसवून सांगायचं.

आणि कॉकपिटचं म्हणाल तर प्रवाशाला विमानाबद्दल काहीच माहिती नसते. आईला मुलाबद्दल असते. "हा असा कधीच पडून राहत नाही" हे वाक्य आमच्या कुठल्याही मॉनिटरवर येत नाही.

दत्ता_मा

३८ टक्के हे माहीत नव्हतं. शेवटचा मुद्दा पटला. वेळेचा मुद्दा अजून डोक्यात आहे, पण असो.

अनघा_देव

मृणालताईंच्या शेवटच्या वाक्यावरच लिहायचं आहे. "हा नेहमीसारखा नाहीये" असं आई सांगतेय आणि समोरचा म्हणतो "आई, तुम्ही फार टेन्शन घेताय". मग त्या आईने जायचं कुठे? वॉर्डात ओरडायचं? ओरडलं की भांडखोर पालक असा शिक्का, आणि तो शिक्का फाईलबरोबर पुढच्या शिफ्टकडे जातो.

इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ह्या १३ वर्षांच्या मुलीचा २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या गंभीर इन्फेक्शनने, मृत्यू झाला. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला मार बसला होता. आईवडील तब्येत बिघडतेय म्हणून सांगत होते, पण तिला वेळेत आयसीयूत हलवलं गेलं नाही. नंतरच्या चौकशीत हलवलं असतं तर बहुधा वाचली असती असं निघालं. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०२४ पासून तिथे मार्थाचा नियम लागू व्हायला लागला, म्हणजे घरच्यांना तब्येत ढासळतेय असं वाटलं आणि वॉर्डातले ऐकत नसतील तर ते चोवीस तासांत कधीही थेट दुसऱ्या टीमला, क्रिटिकल केअरच्या लोकांना, बोलावू शकतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये असाच रायनचा नियम त्याच्या बराच आधीपासून आहे, तोही एका लहान मुलाच्या मृत्यूनंतरच आला.

चारुता, माझी एकच गोष्ट ही. एक फोन नंबर. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावलेला, आणि अ‍ॅडमिट करतानाच सांगितलेला की हा वापरलात तर कोणी रागावणार नाही.

सुवर्णा_सिस्टर

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं. अनघाताईंच्या नंबरला माझा पूर्ण पाठिंबा, आणि कारण स्वार्थी आहे. कित्येकदा आम्हालाही वाटत असतं की मूल ठीक नाहीये पण आम्ही दोनदा फोन केला की आम्हालाही तेच ऐकायला लागतं जे आईला लागतं. मार्थाच्या नियमात स्टाफनेही दुसरी टीम बोलवायची सोय आहे, ती इथे कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये मुलांसाठी जो राष्ट्रीय धोका-सूचक तक्ता २०२३ मध्ये आला त्यात नाडी, श्वास, ऑक्सिजन ह्यांच्या जोडीला पालकांना काळजी वाटतेय का ह्यालाही जागा दिलीये. दर वेळी विचारायचं आणि लिहायचं. मला हे फार आवडलं, कारण लिहिलेली गोष्ट पुढच्या शिफ्टला वाचावी लागते.

पण आता आमची बाजू. एक नर्स आणि सांभाळायला भरमसाट मुलं अशी रात्र असते तेव्हा प्रत्येक आईशी निवांत बोलायची इच्छा असूनही होत नाही. तुम्हाला आम्ही तुटक वाटतो. कुटुंबकेंद्री काळजी हवी असेल तर माणसं वाढवा हे चारुता तू आमच्या वतीने सांग, आम्ही सांगितलं तर रडगाणं वाटतं.

पारस

सुवर्णाताई, हे वाचून बरं वाटलं. मी बाबा म्हणून लिहितोय. आमचं बाळ वेळेच्या खूप आधी झालं, बायको दुसऱ्या वॉर्डात, सिझेरियन झालेलं, आणि मी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, काचेबाहेर. वेळ ठरलेली, त्या वेळेत काचेतून बघायचं. बाळाला हात लावायचा नाही, इन्फेक्शन होईल. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की मला कोणी काही विचारतच नव्हतं, "आईला पाठवा". आई टाके घेऊन पडलीये, मी समोर उभा आहे, धडधाकट, मला सांगा ना काय करायचं ते!

नंतर एक सिनियर सिस्टर ड्युटीवर आल्या, त्यांनी हात कोपरापर्यंत धुवायला लावले, शर्ट काढायला सांगितला आणि बाळ छातीवर ठेवलं. ते कांगारू केअर. मी हललो नाही, शिंक आली ती दाबली. एका क्षणी बाळाने माझ्या छातीवरचे केस मुठीत धरून असे ओढले की मला कळलं, हा टिकणार.

स्नेहल२२

शिंक दाबली, हाहा. किती गोड.

मृणाल_बालरोग

पारस, तुमच्या सिस्टरचं बरोबर होतं. कांगारू केअरची सुरुवात १९७८ मध्ये बोगोटात झाली, कोलंबिया. इन्क्युबेटर कमी, एकेकात दोन-तीन बाळं, इन्फेक्शन पसरायचं. डॉ. एडगर रे सानाब्रिया ह्यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. बरीच वर्षं लोक ह्याला गरिबांचा पर्याय समजायचे, आणि बाळ स्थिर झाल्यावरच करायचं असा दंडक होता.

तो दंडक २०२१ मध्ये मोडला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत चाचणी केली, १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांवर. एका गटाला जन्मानंतर लगेच, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता, छातीशी ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला हे न देणं योग्य राहिलं नसतं. आता संघटनेची शिफारस दिवसातून ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं, अशी आहे.

आता ह्यातली मेख बघा. आईला एनआयसीयूच्या आतच पलंग लागतो, नाहीतर हे होणारच नाही. त्या चाचणीसाठी तसे आई-बाळ एकत्र राहतील असे कक्ष उभारले होते. म्हणजे आईला आत घेणं हा चांगुलपणा नसून उपचार आहे, औषधासारखा. आणि इन्फेक्शनचं कारण देऊन आईबापांना बाहेर ठेवणाऱ्यांना विचारावं की दिवसभरात बाळाला किती वेगवेगळे स्टाफचे हात लागतात.

वसुधा_आजी

मी वयाने इथे सगळ्यात मोठी असेन. लहानपणी मला पोलिओच्या संशयावरून दवाखान्यात ठेवलं होतं. आईला भेटायची परवानगी नव्हती, ती खिडकीखाली रस्त्यावर येऊन उभी राहायची. मला वाटलं मी काहीतरी केलं म्हणून मला सोडून दिलं. घरी आल्यावर म्हणे कित्येक महिने मी आईशी बोलले नाही, फक्त तिचा पदर सोडायचे नाही. ह्यात कोणाचा दोष नव्हता, तेव्हा डॉक्टर मंडळींना खरोखर वाटायचं की आई येऊन गेली की मूल रडतं, म्हणजे आई न येणंच बरं. न रडणारं मूल शहाणं झालं असं समजायचे.

ओंकार_जो

आजी, तुम्ही म्हणता ते तंतोतंत तेच जेम्स रॉबर्टसन ह्यांनी दाखवून दिलं. ते लंडनमध्ये, आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी ह्यांच्याबरोबर काम करायचे. १९५२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं हॉस्पिटलमधलं आठ दिवसांचं राहणं कॅमेऱ्यात टिपलं. आधी रडणं, मग गप्प होणं, मग आई आली तरी तोंड फिरवणं. गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे, आशा सोडणं आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी आधी प्रचंड विरोध केला. पण १९५९ मध्ये ब्रिटन सरकारच्या प्लॅट समितीने शिफारस केली की मुलांना भेटायला वेळेची बंधनं नकोत आणि लहान मुलांच्या आयांची राहायची सोय करावी. त्याच्याही आधी न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स नावाचे डॉक्टर १९२०च्या दशकापासून आयांना बाळाबरोबर अ‍ॅडमिट करून घेत होते!

म्हणजे ज्याला आपण आज नवीन सुधारणा म्हणतोय ती शंभर वर्षांची आहे. मला ह्याचा राग येतो, खरंच.

वसुधा_आजी

आशा सोडणं. हो बाळा. तेच.

रेवती_एस

सगळे आईने राहावं म्हणतायत, मी राहू शकत नव्हते. एकटी पालक, नोकरीत रजा संपलेली, घरी दुसरं मूल. मी नसायचे तेव्हा वॉर्डात माझ्याबद्दल बोललं जायचं, की ह्या मुलाची आई येतच नाही. आणि ज्या आया राहायच्या त्यांच्याकडून काय काय करून घ्यायचे ते पण बघा. ताप मोजा, लघवी मोजून लिहा, सलाइन संपलं की ओरडून सांगा, रिपोर्ट आणायला धावा. ही कुटुंबकेंद्री काळजी नाही, ही स्टाफची कमतरता आईच्या डोक्यावर टाकणं आहे.

माझी मागणी अशी की पालक हजर असू शकला पाहिजे, पण हजर नसेल तर मुलाची काळजी कमी होता कामा नये. राउंडच्या वेळी फोन लावा, व्हिडिओवर घ्या. संध्याकाळी कामावरून येणाऱ्यांसाठी डॉक्टरांशी बोलायची ठरावीक वेळ ठेवा. दहाच्या राउंडला जो आला तोच जबाबदार पालक, असं कसं चालेल?

चारुता_प

रेवती, हे मी शब्दशः नेणार आहे.

सुवर्णा_सिस्टर

रेवती बरोबर बोलतेय. आईने काय करायचं ते आईला विचारून ठरलं पाहिजे. काही आयांना बाळाची नळी, दूध भरवणं, सगळं शिकायचं असतं, त्यांना शिकवलं की घरी जाताना त्यांचा आत्मविश्वास दिसतो. एस्टोनियात टॅलिनमध्ये १९७९ पासून नर्सेस कमी पडत होत्या म्हणून आयांना शिकवून बाळांची बरीचशी काळजी त्यांच्याकडे दिली, तिथूनच पुढे कॅनडाने ही पद्धत उचलली. तिथे नर्स शिकवायला आणि लक्ष ठेवायला शेजारी असते. शिकवून देणं वेगळं आणि टाकून देणं वेगळं.

ईशान_१७

मी इथे बहुतेक एकटाच "पेशंट" असेन. १७ वर्षांचा आहे, टाइप वन डायबेटीस, नऊ वर्षांचा असल्यापासून. तुम्ही सगळे आईबाबांबद्दल बोलताय, चांगलंय, पण डॉक्टर अजूनही आईकडे बघून विचारतात "हा इन्सुलिन वेळेवर घेतो का?" अहो मी इथे बसलोय, सुई मी टोचतो!!

दुसरं. मला काही गोष्टी आईसमोर नाही विचारता येत. वाईट काही नाही, पण नाही विचारता येत. आमच्या नवीन डॉक्टर दर वेळी शेवटची दहा मिनिटं आईला बाहेर बसवतात, सगळ्यांनाच तसं करतात म्हणून आईलाही वाईट वाटत नाही. त्या दहा मिनिटांमुळे माझी शुगर सुधारली असं मी म्हणेन, कारण मी खरे आकडे सांगायला लागलो. आधी आई रागावेल म्हणून वहीत छान छान आकडे लिहायचो.

आणि तिसरं, लवकरच मला मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवणार. एक दिवस अचानक सगळं नवीन. ह्याची तयारी आधी दोन-तीन वर्षं करायला हवी असं वाटतं.

मृणाल_बालरोग

ईशान, शाब्बास. तू जे मागतोयस तो तुझा हक्कच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराच्या १२व्या कलमात हेच आहे, मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकायचं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. आणि हे फक्त १७ वर्षांच्या मुलांना नाही. चार वर्षांच्या मुलाला ऑपरेशन हवं की नको हे विचारू नये, पण कुठल्या हाताला सुई, बसून की मांडीवर, बघायचंय की तोंड फिरवायचंय, हे विचारता येतं. खोटा पर्याय मात्र देऊ नये. "सुई टोचू का?" असं विचारलं आणि तो नाही म्हणाला तर काय करणार?

केदार_वा

माझ्या भाच्याने रक्त घेऊन झाल्यावर विचारलं होतं, "झालं बघून की परत देणार ना?"

अनघा_देव

=)) मग दिलं का परत?

केदार_वा

टेक्निशियन इतका हसला की त्याने रिकामी सिरिंज दिली, सुईशिवाय. ती अजून आहे त्याच्याकडे.

निलेश_थ

सुईचा विषय निघालाय तर. शीर सापडत नाही म्हणून चार जणांनी मुलाला दाबून धरलंय आणि आईबाप दाराबाहेर किंकाळ्या ऐकतायत, हे बंद झालं पाहिजे. "तुम्ही आत असलात की तो जास्त रडतो" म्हणतात. रडणारच, आईसमोर रडायला त्याला सुरक्षित वाटतं म्हणून.

सुवर्णा_सिस्टर

निलेशदादा, ह्यात बरंच काही करता येतं आणि खर्चही फार नाही. झोपवून दाबण्याऐवजी आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवायचं, एक हात मोकळा आमच्याकडे. बधिर करायचं क्रीम लावायचं, प्रकारानुसार अर्धा ते एक तास आधी, म्हणजे ते आधी ठरवायला हवं, ऐनवेळी काही होत नाही. तान्ह्या बाळाला टोचताना अंगावर पाजत ठेवायचं, नाहीतर साखरपाण्याचे थेंब दोन मिनिटं आधी जिभेवर. मोठ्याला फुगे उडवायला किंवा मोबाईल. आणि दोन प्रयत्न फसले की तिसऱ्या वेळी टोचणारा माणूस बदलायचा, हा आमच्या वॉर्डचा नियम आहे. मुलाचा पलंग ही सुरक्षित जागा, टोचाटोची दुसऱ्या खोलीत.

सगळ्यांनाच आत थांबवावं असं मात्र माझं मत नाही. काही पालक बेशुद्ध पडतात, काही मुलाला धमकावतात, "रडलास तर अजून एक इंजेक्शन देतील सिस्टर". कृपा करून आमच्या नावाने भीती घालू नका हो! मग मी नुसती थर्मामीटर घेऊन आले तरी मूल पलंगाखाली.

मृणाल_बालरोग

ह्याला जोड म्हणून. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नवजात बाळांना वेदना जाणवत नाहीत अशा समजुतीने पुरेशी भूल न देता ऑपरेशनं व्हायची. १९८७ मध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नीट भूल दिलेल्या बाळांना ऑपरेशननंतर गुंतागुंत कमी होते. म्हणून निलेश, कोणी "लहान आहे, विसरेल" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

मंजिरी_कु

थोडं वेगळं. माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला, शाळकरी मुलीला, समोर बसवलं आणि खुणांच्या भाषेत आईबाबांना सांगायला लावलं. मी "कॅन्सर" सांगितलंच नाही. म्हटलं रक्त कमी आहे. आईबाबांना खरं कळायला बरेच दिवस गेले, केमोच्या कागदावर सही करताना बाबांना शंका आली. भाऊ आता छान आहे, इंजिनियर झालाय. पण दुभाषा म्हणून घरातलं मूल वापरू नये हे नियमात लिहा. ज्यांना त्या डॉक्टरांची भाषा येत नाही त्या सगळ्याच कुटुंबांना हे लागू आहे. फोनवर दुभाषा मिळतो, व्हिडिओवर मिळतो, ठरवलं तर होतं.

स्नेहल२२

मंजिरी, काय बोलावं कळत नाही. तुझ्यावर केवढं ओझं टाकलं.

पारस

भावंडांचा विषय ह्यात येतो का? आमच्या मोठ्या मुलीला बाळाला बघू देत नव्हते, तिला वाटत होतं की बाळ खोटं आहे.

चारुता_प

पारस, येतो. लसीकरण झालेलं असेल, सर्दी-ताप नसेल तर भावंडांना सोडणारी हॉस्पिटलं आहेत. लिहून घेतलं.

आर्या_म

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, आणि तो बोलत नाही. दर अ‍ॅडमिशनला प्रत्येक शिफ्टला मी पहिल्यापासून सांगते, डाव्या कुशीवर झोपवू नका, गिळताना ठसका लागतो, दुखलं की तो हसल्यासारखा चेहरा करतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण तो हसतोय म्हणून वेदनाशामक पुढे ढकललं होतं एकदा. आता मी एका पानावर लिहून लॅमिनेट केलंय आणि पलंगाला बांधते. पण ते पान हॉस्पिटलचं असायला हवं, त्यांच्या सिस्टिममध्ये. प्रत्येक मुलाचं एक पान, मी काय आवडीने करतो, कशाला घाबरतो, दुखतं तेव्हा कसा दिसतो. माझं पान काही सिस्टर वाचतात आणि काही जणी पुसायचा कपडा त्यावर ठेवतात.

दत्ता_मा

आर्याताई, हसल्यासारखा चेहरा ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तुमच्यासारख्या आईला राउंडला उभं केलं नाही तर कोणाचं नुकसान होतं ते कळलं. माझा आधीचा आक्षेप मी मागे घेतो.

डिस्चार्जवर कोणी बोललं नाही अजून. माझ्या नातवाला सोडलं तेव्हा दुपारी घाईघाईत कागद हातात, पाच औषधं, सुनेला म्हणे "समजलं ना?" ती हो म्हणाली. घरी येऊन बघतो तर एका औषधावर चमचा लिहिलेलं. कुठला चमचा? छोटा ५ मिलिलिटरचा की मोठा १५चा? तिप्पट फरक आहे! मिलिलिटरमध्ये लिहा, सोबत मापाची सिरिंज द्या, आणि "समजलं का" विचारू नका, "घरी गेल्यावर कसं द्याल ते दाखवा" म्हणा. रात्री काही वाटलं तर फोन कुठे करायचा, कुठल्या लक्षणांवर तडक परत यायचं, हे मोठ्या अक्षरात.

केदार_वा

दत्ताकाका आले आमच्या पार्टीत!

ओंकार_जो

चारुता, सल्लागार गटाबद्दल एक सावधगिरी. माझी बहीण अशा एका गटात होती. त्यांना सगळं ठरल्यावर बोलवायचे, पडद्यांचा रंग निवडायला आणि फोटोला. बैठकीची विषयपत्रिका कोण ठरवतं ते पहिल्याच दिवशी विचार. मागच्या बैठकीत सुचवलेल्या गोष्टीचं काय झालं, हो तर केव्हा आणि नाही तर का, हे पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून यायला हवं. आणि येण्याजाण्याचा खर्च, मुलांना सांभाळायची सोय हॉस्पिटलने करावी, नाहीतर गटात फक्त सुखवस्तू पालक उरतात, आणि रेवतीसारख्यांचं म्हणणं तिथे पोचतच नाही.

रेवती_एस

ओंकार, अगदी.

चारुता_प

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोनदा बसून सगळं वाचलं. एकच गोष्ट विचारली होती पण माझ्याकडे आता चार झाल्यात आणि त्याच क्रमाने मांडणार आहे. पहिली अनघाचा नंबर, कारण तो नसला तर जीव जाऊ शकतो. तो स्टाफलाही वापरता यावा, सुवर्णाताई म्हणाल्या तसं. दुसरी राउंड, रेवतीच्या अटीसकट, म्हणजे फोनवरून हजेरी चालेल. मृणालताईंचे आकडे सोबत नेते, प्रशासनाला आकडे लागतात. तिसरी टोचण्याचे नियम, ते तर उद्यापासून करता येतील. चौथी आर्याचं पान. दुभाषा आणि डिस्चार्ज ह्यासाठी मी वेगळी बैठक मागणार आहे, घाईत उरकायचे विषय नाहीत ते. एनआयसीयूत आईचा पलंग हा बांधकामाचा, पैशांचा प्रश्न आहे, तो एका बैठकीत सुटणार नाही, पण विषय टाकून ठेवते.

ईशान_१७

गटात मुलं आहेत का कोणी? की फक्त पालक?

चारुता_प

फक्त पालक. तू विचारल्यावर आत्ताच त्यांना मेल केलाय, किमान दोन मोठी मुलं हवीत म्हणून. तुझ्या दहा मिनिटांचा मुद्दाही त्यात लिहिलाय, नाव न घेता.

ईशान_१७

भारी. बैठक शाळेच्या वेळेत ठेवू नका म्हणावं.

सुवर्णा_सिस्टर

आणि रात्रपाळीची एक तरी नर्स असू दे. बैठका दुपारी ठेवतात, तेव्हा आम्ही झोपलेल्या असतो. आईबापांचे सगळ्यात जास्त प्रश्न रात्रीच असतात.

चारुता_प

संध्याकाळी सहाची वेळ मागते, शाळाही सुटलेली असेल आणि रात्रपाळी सुरू व्हायची असेल. चालेल ना ताई?

सुवर्णा_सिस्टर

चालेल. वेळेत सोड म्हणजे झालं, आठला हँडओव्हर असतो, आधीच्या शिफ्टकडून काम ताब्यात घ्यायचं.